लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलणे

जुन्या लॅपटॉपमधली बिघडलेली किंवा संथ झालेली हार्ड डिस्क काढून तिच्या जागी दुसरी हार्ड डिस्क, किंवा हल्ली बहुतेकदा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क), बसवण्याचे काम. मुंबईत यासाठी आजही लोक ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेकडचा लॅमिंग्टन रोड गाठतात. रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले, तरी बोलण्यात १९०३ ते १९०७ दरम्यानचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचेच नाव टिकून आहे. उपनगरांत स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्यांकडेही हे काम होते.

‘लॅपटॉप हँग होतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा हार्ड डिस्कच असते. लॅपटॉपमधल्या सर्वसाधारण डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते. हवी ती माहिती वाचण्याच्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात, आणि टोक जागेवर सरकायला लागणारा वेळ वेगळा. एकच मोठा चित्रपट वाचताना हे जाणवत नाही. विंडोज सुरू होताना मात्र हजारो छोट्या फाइली ठिकठिकाणांहून उचलाव्या लागतात आणि सगळा वेळ या शोधाशोधीत जातो. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे हा वेळ जवळजवळ संपतो. म्हणूनच साटा (डिस्क मदरबोर्डला जोडण्याची एक पद्धत) जोडणीचा जुना, सेकंदाला ३ गिगाबिटचा लॅपटॉपही एसएसडीने ओळखू येणार नाही इतका चपळ होतो. अशा यंत्रासाठी बाजारातल्या सर्वांत वेगवान एसएसडीचे जादा पैसे मोजणे व्यर्थ. तो वेग जोडणीतच अडतो. रॅम जेमतेम २ जीबी असेल तर दुकानदार तीही वाढवायला सांगतो, आणि इथे तो नुसता धंदा करत नसतो.

माप अडीच इंची. जुन्या डिस्क बहुधा ९.५ मिलिमीटर जाडीच्या, तर एसएसडी ७ मिलिमीटरच्या असतात. उरलेली फट प्लॅस्टिकच्या चौकटीने भरतात. साटाच्या आधीच्या आयडीई जोडणीच्या लॅपटॉपला साटाची डिस्क थेट लागत नाही, आणि त्यावर फार खर्च करण्यातही अर्थ नाही. प्रत्यक्ष बदल मात्र सोपा आहे: चार्जर आणि बॅटरी काढायची, बॅटरी आत असेल तर झाकण उघडल्यावर आधी तिचा कनेक्टर सोडवायचा, कॅडीचे, म्हणजे डिस्क धरून ठेवणाऱ्या चौकटीचे, स्क्रू काढून डिस्क आडवी सरकवायची. मुंबईच्या दमट हवेत गंजलेले स्क्रू कधीकधी डिस्कपेक्षा जास्त वेळ खातात.

खरी काळजी डेटाची. डिस्क ठणठणीत असेल तर नवी एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये लावून क्लोनझिलासारख्या मोफत सॉफ्टवेअरने जशीच्या तशी नक्कल घेता येते. नवी डिस्क आकाराने लहान असल्यास आधी जुन्या डिस्कवरचे विभाग (पार्टिशन) आक्रसावे लागतात. पण डिस्क टकटक आवाज करत असेल, तर चेकडिस्क किंवा डीफ्रॅग ही डिस्क तपासण्याची आणि आवरण्याची विंडोजमधली साधने चालवून तिला आणखी राबवू नये. लग्नाचे फोटो, सोसायटीचा हिशेब असे जे पुन्हा मिळणार नाही ते आधी उचलावे, आणि तेही जमत नसेल तर लॅपटॉप बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे जावे. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजमधली सोय) चालू असल्यास रिकव्हरी की हाताशी हवी.

कोरे विंडोज टाकायचे तर डिजिटल परवाना सहसा मदरबोर्डशी जोडलेला असल्याने डिस्क बदलल्यावरही तो चालतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेल्या लॅपटॉपला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशांना विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम हा शहाणा पर्याय.

निघालेली डिस्क दुकानातच सोडून येण्याची सवय वाईट. क्विक फॉरमॅटने फाइलींची केवळ नोंद पुसली जाते. मजकूर जागेवरच राहतो आणि साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतो. चांगली डिस्क केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापरावी. द्यायचीच असेल तर पूर्ण ओव्हरराइट करून, म्हणजे सगळ्या जागेवर नवे काही लिहून, द्यावी, आणि मेलेली डिस्क भंगारवाल्याऐवजी अधिकृत ई-कचरा केंद्रावर जमा करावी.