गॅस संपलाय की पंखा झोपलाय?

मे महिना, दुपारचे दोन, वाकडच्या सिग्नलला गाडी उभी. एसीची हवा आधी कोमट झाली, मग चक्क गरम. सिग्नल सुटला, गाडी हायवेला लागली आणि पाच मिनिटांत पुन्हा गारेगार. गॅरेजला फोन केला, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर आलं, "गॅस संपलाय, घेऊन या, भरून देतो." भरून घेतला. तिसऱ्या दिवशी त्याच सिग्नलला तीच गरम हवा, उलट जरा जास्तच.

गॅस संपलाच नव्हता. रेडिएटरच्या पंख्याचा रेझिस्टर, म्हणजे पंख्याला कमी वेगाने फिरवणारा विजेचा भाग, जळाला होता. त्यामुळे इंजिन चांगलंच तापेपर्यंत पंखा हलतच नव्हता.

या दोन बिघाडांची गल्लत नेहमी होते, कारण आत बसलेल्याला दोन्हींत एकच कळतं: हवा गरम येतेय. बॉनेटखाली मात्र दोन्हींत उलटी कथा असते. एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये गॅस उष्णता पितो आणि पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ती ओकतो. गॅस कमी असेल तर उष्णता उचलणारेच कमी पडतात. पंखा बंद असेल तर उचललेला माल उतरवायला जागा नसते. गाडी पळत असताना समोरचा वारा पंख्याचं काम करतो, म्हणून हायवेला सगळं ठीक वाटतं.

एवढ्यावरून ‘सिग्नलला गरम, हायवेला गार म्हणजे पंखाच’ असं ठरवू नका. मीही काही दिवस तसंच समजत होतो. गॅस थोडा कमी असला तरी इंजिनचे आरपीएम वाढल्यावर कंप्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, जोरात फिरतो आणि थोडा गारवा वाढतो. म्हणून गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावून उभी ठेवा आणि कुणाला तरी आरपीएम दोन हजारांवर धरायला सांगा. उभ्या गाडीतच गारवा वाढला तर संशय गॅसवर, किंवा थकलेल्या कंप्रेसरवर. काहीच फरक पडला नाही, उलट हवा आणखी तापली, तर कंडेन्सरला वारा लागत नाहीये.

दुसरी परीक्षा पाण्याची. एसी चालू, हवा गरम येतेय, अशा वेळी पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर तांब्याभर पाणी हळू ओता. मिनिटाभरात आत गार झोत आला तर पंखा, त्याचा रिले (पंख्याला वीज देणारा स्विच), फ्यूज किंवा चिखलाने बुजलेला कंडेन्सर यांच्याकडे वळा. गॅस कमी असेल तर बादली ओतूनही फारसा फरक पडत नाही. हात मात्र पंख्यापासून लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो आपोआप सुरू होतो.

तिसरी गोष्ट हाताला कळते. एसीच्या दोन नळ्यांपैकी जाड नळी गार आणि घामेजलेली हवी, बारीक नळी गरम हवी. गॅस कमी असेल तर जाड नळी गार होत नाही आणि बारीक नळी नुसती कोमट लागते. पंखा बंद असेल तर बारीक नळीला बोट टेकवत नाही, चटका बसतो. जुन्या गाड्यांत कंप्रेसरला इंजिनशी जोडणाऱ्या-सोडणाऱ्या क्लचचा ‘टक’ आवाजही बोलतो. गॅस कमी असला की दर काही सेकंदांनी टक-टक, लागला-सुटला. पंखा बंद असेल तर कंप्रेसर बराच वेळ चालतो आणि दाब फार चढला की कट-ऑफ होतो.

मिस्त्री गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजणारे काटे, लावेल तेव्हा आकडे स्वतः बघा. आर-134ए गॅसच्या गाडीत, आपल्याकडच्या उन्हात, चालू एसीला लो साइड (कमी दाबाची बाजू) साधारण 30 ते 45 पीएसआय आणि हाय साइड (जास्त दाबाची बाजू) 200 ते 250 च्या घरात असते. गॅस कमी असेल तर दोन्ही काटे खाली येतात. पंखा बंद असेल तर दोन्ही वर जातात, हाय साइड 300 पार करते. एक फसवणूक मात्र ठाऊक असू द्या. बंद आणि थंड गाडीत 30 अंशांना दाब साधारण 95 दिसतो, मग गॅस पूर्ण असो वा निम्मा. आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल तर काटा तिथेच थांबतो. म्हणून ‘प्रेशर बरोबर आहे’ हे बंद गाडीवरचं वाक्य काहीच सिद्ध करत नाही.

आता दुरुस्तीकडे. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो जळून संपत नाही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, तेवढं माफ. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. जोडांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधा. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं. कूलिंग कॉइलची गळती सगळ्यात त्रासाची, कारण अनेक गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो. गळती बुजवल्यावर आधी व्हॅक्युम, म्हणजे आतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणं, मग बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या ग्रॅमनुसार वजनाने गॅस. ‘काट्याने बघून टाकतो’ म्हणणाऱ्याला हात जोडा. पंखा बंद असताना वर आणखी गॅस कोंबला की दाब वाढतो, गारवा घटतो आणि कंप्रेसर दमतो. तिसऱ्या दिवशी हवा जास्त गरम का होती, ते मला तेव्हा कळलं.

पंख्याचं काम त्यामानाने सोपं असतं. एसी लावून बॉनेट उघडा आणि काही मिनिटं पंखा सुरू होतो का ते बघा. नाही झाला तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर. माझ्या गाडीत रेझिस्टर बदलायला अर्धा तास लागला. कंडेन्सर धुताना वॉशिंग सेंटरवाल्याला मात्र जवळून जेट मारू देऊ नका, पातळ पत्र्या वाकतात आणि वारा पुन्हा अडतो.