फळांच्या रसापासून इथेनॉल : होकार देण्याआधी रस तपासा

मुदत संपलेला किंवा प्रतवारीत नाकारलेला रस इंधनासाठी चालेल का, हे केवळ ब्रिक्सवर (१०० ग्रॅम रसात विरघळलेले घन किती ग्रॅम, त्या आकड्यावर) ठरवू नका. ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर विरघळलेले सगळेच घन मोजतो. साखरेसोबत आम्ले, क्षार आणि पेक्टिनही त्यात येतात. नासपतीच्या रसातले सॉर्बिटॉल (साखरेसारखा गोड पदार्थ) हेही ब्रिक्स वाढवते, पण नेहमीचे यीस्ट ते आंबवत नाही.

१२ ब्रिक्सचा १००० लिटर रस भरतो सुमारे १०४८ किलो. त्यात घन १२६ किलो. पैकी ८५ टक्के साखर धरली तर १०७ किलो. १ किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ०.५११ किलो इथेनॉल निघते. म्हणजे कागदावर ६९ लिटर, हातात ६० च्या आसपास. बाकी जवळजवळ सगळे पाणी, आणि ऊर्ध्वपातनात तेही तापवावे लागते. म्हणून पातळ रस एकटा न घेता मोलॅसिससारख्या (साखर कारखान्याची मळी) दाट मालात मिसळावा.

सर्वांत जास्त घात परिरक्षके (रस टिकवण्यासाठी घातलेली रसायने) करतात. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट घातलेले असतात तेच मुळी यीस्ट वाढू नये म्हणून, आणि रस उकळून ती जात नाहीत. डब्यावरची घटकयादी आधी वाचा. सामू (pH) ३.५ वरून ५ वर नेला की बेंझोएटचा जोर बराच उतरतो, मात्र जिवाणूंनाही रान मोकळे मिळते. त्यामुळे भांडी निर्जंतुक हवीतच. संत्रावर्गीय रसात सालीचे तेल असेल तर ते आधी वाफेने काढावे लागते.

खरा निकाल देते ती १ लिटरची चाचणी. २ लिटरच्या बाटलीत रस घ्या, सामू ४.५ करा, यीस्टला नायट्रोजन देणारे डायअमोनियम फॉस्फेट ०.५ ग्रॅम आणि कोमट पाण्यात भिजवलेले कोरडे यीस्ट १ ग्रॅम घाला. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) लावून ३० अंश सेल्सिअसला ठेवा. बूच घट्ट बसवू नका, बाटली फुटेल.

रोज त्याच वेळी बाटलीचे वजन करा. वायू निघून गेल्याने ४४ ग्रॅम घट झाली, की ४६ ग्रॅम इथेनॉल तयार झाले असे समजा. वर हिशेब केलेल्या १२ ब्रिक्सच्या रसात ४५ ग्रॅमच्या आसपास घट यायला हवी. ती २० वर अडली आणि हायड्रोमीटर (द्रवाची घनता दाखवणारे उपकरण) १.०२० च्या खाली उतरेना, तर परिरक्षक किंवा नायट्रोजनची कमतरता शोधा. व्हिनेगरचा वास आला तर हवा आत शिरते आहे. आंबल्यानंतर रिफ्रॅक्टोमीटर वापरू नका, अल्कोहोलमुळे तो आकडा फुगवून दाखवतो.

आमच्याकडे नमुना पाठवताना बाटलीत चार बोटे जागा सोडा, गोठवून पाठवा आणि डब्यावरची घटकयादी सोबत जोडा.