कॅन : फीत-संपादनातून रॉकरचना

कॅन हा पश्चिम जर्मनीतील कोलोन शहरात १९६८ मध्ये स्थापन झालेला प्रयोगशील रॉक बँड. संस्थापकांपैकी इर्मिन श्मिट (कीबोर्ड) व होल्गर चुकाय (बेस, ध्वनिमुद्रण) हे दोघे संगीतकार कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांचे विद्यार्थी. याकी लीबेत्साइट (ड्रम्स) मुक्त जॅझमधून आला, तर मिखाएल कारोली (गिटार) हा चुकायचा शिष्य आणि वयाने सर्वांत लहान होता. माल्कम मूनी हा अमेरिकन चित्रकार-शिल्पकार पहिला गायक. १९७० मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर गाताना भेटलेला जपानी तरुण दामो सुझुकी त्याच्या जागी आला व १९७३ पर्यंत राहिला.

कॅनचे वैशिष्ट्य म्हणजे रचनेची पद्धत. गाणे आधी लिहून मग मुद्रित करण्याऐवजी हे वादक तासन्‌तास एकत्र वाजवत. तयार झालेल्या ध्वनिफितीतून चुकाय हवे ते भाग निवडून जोडी, आणि ती जोडणी हीच अंतिम रचना ठरे. ‘मॉन्स्टर मूव्ही’ (१९६९) या पहिल्या अल्बममधील ‘यू डू राइट’ हे सुमारे वीस मिनिटांचे गीत सहा तासांच्या (काहींच्या मते त्याहून बऱ्याच अधिक) वादनातून कापून काढलेले आहे. हा अल्बम बँडने आधी स्वतःच, अवघ्या ५०० प्रतींत काढला. मोठ्या कंपनीने तो नंतर घेतला.

या पद्धतीचे मूळ कोठे शोधायचे याविषयी एकमत नाही. एक मत ते कोलोन नभोवाणीच्या इलेक्ट्रॉनिक संगीत स्टुडिओत, म्हणजे स्टॉकहाउझेन परंपरेत पाहते. चुकायने याच स्टुडिओत रात्रीच्या वेळी काम करून व्हिएतनामी गायनाच्या फितींवर आधारलेला ‘कनाक्सिस’ (१९६९) घडवला होता, हा या मताचा भक्कम आधार. दुसरे मत अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ध्वनिमुद्रिकांकडे बोट दाखवते, कारण त्यांचा निर्माता टिओ मासेरो दीर्घ जॅझवादन कापून-जोडून नवी रचना करीत असे. तथापि डेव्हिसची ‘इन अ सायलेंट वे’ आणि कॅनची ‘मॉन्स्टर मूव्ही’ या दोन्ही १९६९ च्या उन्हाळ्यात, काही आठवड्यांच्या अंतराने आल्या. त्यामुळे एकाने दुसऱ्याचे उचलले असे म्हणणे अवघड जाते. तिसरे मत साधनांच्या तुटपुंजेपणाला महत्त्व देते, आणि फितींचा तांत्रिक पुरावा पाहता ते अधिक ग्राह्य वाटते.

बँडकडे १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत केवळ दोन ट्रॅकची (फितीवर आवाजाचे दोनच स्वतंत्र पट्टे उमटवणारी) मुद्रणयंत्रे होती. अशा यंत्रात सगळी वाद्ये एकत्रच उतरतात. नंतर एकट्या ड्रमचा आवाज वाढवता येत नाही, की गायकाची एखादी ओळ बदलता येत नाही. भर घालायची तर पहिली फीत दुसऱ्या यंत्रावर उतरवताना सोबत वाजवावे लागते, आणि प्रत्येक उतरवणीत खरखर वाढते. राहता राहिली कात्री. स्टुडिओत रूढ असलेल्या सेकंदाला ३८ सेंमी. या वेगाने, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा १९ सेंमी. फितीत मावते. फीत हाताने पुढेमागे सरकवून ड्रमचा घाव हेडसमोर (फितीवरील आवाज वाचणाऱ्या भागासमोर) आणायचा, तेथे पेन्सिलीने खूण करायची, पात्याने तिरका छेद द्यायचा आणि दुसरा तुकडा चिकटपट्टीने जोडायचा, अशी ही प्रक्रिया. छेद तिरका असल्याने सांधा कानाला खटकत नाही.

पण लय हलली तर हा सांधा लपत नाही, आणि येथे लीबेत्साइटचे स्थान कळते. मुक्त जॅझमध्ये नियमित ताल वाजवण्यालाच मनाई झाल्यासारखे वाटल्याने तो त्यातून बाहेर पडला होता. एका श्रोत्याने ‘तू एकसुरी वाजवायला हवेस’ असे सुनावल्याचे तो सांगे. त्याचा ठेका एकाच आवर्तनात, किंचितही न ढळता, दीर्घकाळ चालू राही. म्हणूनच पहिल्या तासातील तुकडा तिसऱ्या तासातील तुकड्याला जोडणे शक्य झाले असावे. कॅनचे श्रेय चुकायच्या संपादनाला द्यावे की लीबेत्साइटच्या ठेक्याला, हा अभ्यासकांतील जुना वाद या दृष्टीने पाहिल्यास बराच निवळतो. श्मिट मात्र ‘इम्प्रोव्हायझेशन’ (आयत्या वेळी सुचेल तसे वाजवणे) हा शब्दच नाकारून ‘तत्क्षणी रचना’ असे म्हणणे पसंत करीत.

आरंभीचे मुद्रण न्योर्वेनिख येथील गढीत झाले. ‘टागो मागो’ (१९७१) हा दोन तबकड्यांचा अल्बम तेथलाच. यंत्र दुरुस्त होईपर्यंत वादक सहज जे वाजवत तेही चुकाय नकळत टिपून ठेवी, आणि त्यातला काही भाग या अल्बममध्ये आला. ‘हालेलूवा’ या साडेअठरा मिनिटांच्या रचनेत ठेका व संपादन यांचा मेळ सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. कॅन प्रथमच ऐकणाऱ्याने येथूनच सुरुवात करावी. १९७१ च्या अखेरीस बँड वायलरस्विस्ट येथील बंद पडलेल्या चित्रपटगृहात गेला. ध्वनिरोधनासाठी त्याच्या भिंतींवर लष्करी गाद्या लावल्या होत्या. त्यांची संख्या सहसा १,५०० सांगितली जाते. ‘एगे बाम्यासी’ (१९७२) व ‘फ्यूचर डेज’ (१९७३) तेथे झाले.

‘लँडेड’ (१९७५) पासून सोळा ट्रॅकचे यंत्र आले. प्रत्येकाला आपला भाग वेगळा मुद्रित करता येऊ लागला आणि एकत्र ऐकण्याची सक्ती संपली. पुढील अल्बममध्ये जोम कमी आहे असा सर्वसाधारण अभिप्राय आहे, व तो योग्यच आहे. चुकाय १९७७ मध्ये बाहेर पडला. दशकाअखेर बँड विसर्जित झाला. मूनीसह केलेला ‘राइट टाइम’ १९८९ मध्ये निघाला.

बँडचा स्टुडिओ जर्मनीतील ग्रोनाउ येथील रॉक व पॉप संग्रहालयाकडे जाताना अप्रकाशित फितींचा साठा हाती आला. श्मिट व जोनो पॉडमोर यांनी त्यातून निवडलेले ‘द लॉस्ट टेप्स’ २०१२ मध्ये तीन सीडींत प्रकाशित झाले. २०२१ पासून मैफलींच्या फितींची मालिका निघत आहे. त्यांतील बऱ्याच फिती एका चाहत्याने लपवून नेलेल्या यंत्रावर घेतलेल्या आहेत. श्टुटगार्ट १९७५, ब्रायटन १९७५, कुक्सहाफेन १९७६ व पॅरिस १९७३ हे त्यांतील काही कार्यक्रम. मंचावर ओळखीची गाणी जशीच्या तशी वाजवली जात नसत, म्हणून बहुतेक भागांना शीर्षकाऐवजी गावाचे नाव, साल आणि जर्मन भाषेतील क्रमांक एवढेच दिलेले आहे.