‘मेंदूला हात लागला की माणूस बदलतो’?

हे वाक्य पुण्यात पेठांपासून पिंपरीपर्यंत ऐकू येतं, आणि त्या धास्तीने ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे रुग्ण ऑपरेशन टाळत वर्षानुवर्षं दुखणं सोसत राहतात. या आजारात चेहऱ्यातून विजेसारखी कळ जाते, दात घासताना किंवा स्कूटरवर गार वारा लागला तरी. (पुणेरी स्कार्फचा हाही एक उपयोग.) दाढदुखी समजून चांगले दात काढून बसलेलेही असतात!

बहुतेकदा चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या, मेंदूच्या पाचव्या नसेवर रक्तवाहिनी टेकलेली असते. गोळ्यांनी भागेना, तर कानामागच्या हाडात छोटं भोक पाडून सर्जन दोघींमध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. स्वभाव, आठवणी सांभाळणाऱ्या भागांना तिथे धक्का लावायचा नसतो.

खरे धोके वेगळे: त्या बाजूला कमी ऐकू येणं, चेहरा बधिर होणं, नाकातून किंवा जखमेतून पाण्यासारखा द्राव गळणं. द्राव दिसला तर लगेच डॉक्टरांना गाठा. अनेकांची कळ शुद्धीवर येताच थांबते. थकवा मात्र काही आठवडे रेंगाळतो. घरच्यांना ‘बदल’ वाटतो तो बहुधा हाच, नाहीतर गोळ्यांची गुंगी. कार्बामाझेपिन (या कळेवरची नेहमीची गोळी) एकदम सोडू नका, डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. काहींचं दुखणं काही वर्षांनी परततंही.