आडवा दांडा आणि वेगवेगळे देह : थीम पार्कमधील सुरक्षेची पार्श्वभूमी

१८८४ साली लामार्कस थॉम्पसन यांनी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली, तेव्हा तिच्या गाडीत प्रवाशाला जागच्या जागी धरून ठेवणारे असे काहीही नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. ताशी जेमतेम १० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या त्या बाकावर लठ्ठ माणूस बसला काय किंवा हडकुळा बसला काय, काही फरक पडत नसे. देहाच्या मापाचा प्रश्न उभा राहिला तो राइड माणसाला आसनावरून वर उचलू लागल्यावर.

मांडीवर येणारा आडवा दांडा, म्हणजे आज ज्याला लॅप बार म्हणतात तो, असलेली पहिली रोलर कोस्टर म्हणून कोनी आयलंडवरच १९०७ साली सुरू झालेल्या ‘ड्रॉप द डिप’चा उल्लेख सहसा केला जातो. पण खरी कलाटणी दिली ती कोस्टरचे अमेरिकी रचनाकार जॉन मिलर यांनी. रुळाच्या खालच्या अंगाला अडकून राहणाऱ्या चाकांचे पेटंट त्यांनी मिळवले आणि १९२० च्या दशकात अशा चाकांच्या जोरावर कोस्टरचे चढउतार पूर्वीपेक्षा कितीतरी तीव्र झाले, कारण टेकाडाच्या माथ्यावरून गाडी वेगाने गेली तरी ती रूळ सोडून उडण्याची भीती उरली नाही. गाडी रुळाला बांधली गेली, आत बसलेला माणूस मात्र जवळजवळ मोकळाच राहिला. माथ्यावर क्षणभर अंग हलके होऊन आसन सुटल्यासारखे वाटते, तोच या राइडचा आनंद असतो आणि नेमका तोच तिचा धोकाही असतो.

लाकडी कोस्टरच्या गाड्यांत पुढची अनेक दशके दोघांच्या बाकावर मिळून एकच दांडा असे. दांडा खाली येतो आणि दोघांपैकी जो जाड असेल त्याच्या अंगाला टेकून थांबतो. शेजारी बसलेल्या लहान मुलाच्या मांडीवर तेव्हा वीतभर मोकळी जागा राहते. दांड्याला कुलूप असते, तपासनीस तो हलवून पाहतो, तो हलत नाही आणि गाडी सुटते. यंत्रणा बिघडलेली नसते, ती फक्त दोघांपैकी एकाच्याच मापाची झालेली असते. बाकाच्या मध्ये घातलेले दुभाजक, कमरेचे सीट बेल्ट आणि शेवटी प्रत्येकासाठी स्वतंत्र, टप्प्याटप्प्याने खाली सरकणारा दांडा ही या एका उणिवेवरचीच उत्तरे आहेत.

प्रवेशद्वारावरची उंचीची पट्टी याच प्रश्नाला धरून आलेली आहे. १२२ किंवा १३७ सेंटिमीटर, म्हणजे ४८ किंवा ५४ इंच, हे आकडे अनेक पार्कांत दिसतात. उंची स्वतःहून कोणाला आसनात धरून ठेवत नाही; ती हातापायांची लांबी, वय आणि सरळ बसून तोल सांभाळण्याची क्षमता यांच्याऐवजी वापरलेले एक सोयीचे माप आहे. ती चारचौघांत मोजता येते आणि पट्टीखाली उभे राहिलेल्या मुलाला त्यात लाज वाटत नाही. कमरेच्या घेरासाठी अशी पट्टी प्रवेशद्वारावर सहसा कोणी लावत नाही आणि त्याचे कारण तांत्रिक नाही. परिणाम असा झाला, की लहान देहाचा निर्णय रांगेच्या तोंडाशीच होऊ लागला आणि मोठ्या देहाचा निर्णय आसनात बसल्यावर, इतर प्रवाशांच्या डोळ्यांदेखत, ऑपरेटरच्या हातावर सोडला गेला.

१९७५ साली कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म येथे अ‍ॅरो कंपनीची ‘कॉर्कस्क्रू’ सुरू झाली आणि माणसाला उलटे फिरवणाऱ्या कोस्टरचा नवा काळ सुरू झाला. तिच्यासोबत खांद्यावरून छातीवर उतरणारा हार्नेस रूढ झाला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातीलच मॅजिक माउंटन पार्कमध्ये आलेल्या ‘रिव्होल्युशन’ने मात्र पूर्ण उभे वळण साध्या लॅप बारवर पार करून दाखवले. अँटन श्वार्झकॉफ आणि वर्नर स्टेंगेल या जर्मन अभियंत्यांनी ते वळण पूर्ण गोल न ठेवता पाण्याच्या थेंबासारखे निमुळते आखले होते, त्यामुळे गाडी उलटी असतानाही प्रवासी आसनावर दाबलेलाच राहत असे. या राइडवर पुढे खांद्यावरचे हार्नेस बसवले गेले आणि २०१६ साली ते काढून पुन्हा लॅप बार आणले गेले. हा उलटा प्रवास बोलका आहे. खांद्यावरच्या हार्नेसने मापाच्या प्रश्नात नवे अवयव आणले. लॅप बारला फक्त मांडी आणि ओटीपोट यांच्याशी कर्तव्य असते, हार्नेसला मात्र छातीची जाडी, खांद्यांची रुंदी आणि धडाची लांबी या सगळ्यांशी जुळवून घ्यावे लागते. लांब धडाच्या माणसाचे खांदे त्यात दबतात, भरदार छातीच्या माणसावर तो शेवटच्या खाचेपर्यंत येत नाही आणि बुटक्या माणसाचे कान त्याच्या कडांवर आपटतात.

दरम्यान, आसनात बसणारी माणसेही बदलत होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राच्या पाहणीनुसार तिथल्या प्रौढ पुरुषाचे सरासरी वजन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ७५ किलो होते, ते २००२ पर्यंत सुमारे ८७ किलो झाले. स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ६४ किलोंवरून ७४ किलोंवर गेले. आसनाचा साचा एकदा ठरला की राइड तीस-चाळीस वर्षे चालते, त्यामुळे जुन्या आसनावर नव्या मापाचा माणूस बसण्याची वेळ वारंवार येऊ लागली.

ही विसंगती किती घातक ठरू शकते, हे मे २००४ मध्ये अमेरिकेतील सिक्स फ्लॅग्ज न्यू इंग्लंड या पार्कमधील ‘सुपरमॅन : राइड ऑफ स्टील’ या कोस्टरवर स्पष्ट झाले. इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा लॅप बार एका जाड प्रवाशाच्या मांड्यांवर नीट टेकलेला नव्हता. तो प्रवासी बाहेर फेकला गेला आणि मरण पावला. यातील बारकावा समजून घेण्याजोगा आहे. शरीराला खऱ्या अर्थाने अडवून धरता येते ते मांड्या आणि कमरेच्या हाडांच्या सांध्याजवळ, कारण तिथे दांड्याखाली न दबणारे हाड असते. दांडा पोटावर थांबला, तर तो प्रवाशाला घट्ट वाटतो, ओढून पाहणाऱ्या तपासनिसालाही घट्ट वाटतो, पण अंग वर उचलले गेले की मऊ भाग दबतो, सरकतो आणि मघाचा घट्टपणा राहत नाही. जुलै २०१३ मध्ये टेक्सासमधील ‘न्यू टेक्सास जायंट’वरून एक महिला खाली पडून मरण पावल्यानंतर त्या राइडवर सीट बेल्ट आले, दांड्याच्या गाद्या बदलल्या गेल्या आणि बसून पाहण्यासाठी प्रवेशद्वाराशी एक नमुना आसन ठेवले गेले.

जाड देहापुरताच हा प्रश्न मर्यादित नाही. २०११ साली न्यूयॉर्क राज्यातील डॅरिएन लेक येथे दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक अशाच कोस्टरवरून पडून मरण पावला. दोन्ही पाय असणे आवश्यक, असा नियम तिथे लिहिलेला होता, तरीही त्याला बसू दिले गेले. लॅप बारला टेकण्यासाठी मांडीच नसेल, तर उत्तम कुलूपही निरुपयोगी ठरते. २०१६ साली कॅन्ससमधील ‘व्हेरुक्ट’ या पाण्याच्या घसरगुंडीवर दहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. तिथे तराफ्यावरील तिघांचे एकत्रित वजन मोजले जात असे आणि ते ठरवलेल्या मर्यादेत होते, पण हलका मुलगा पुढे आणि जड माणसे मागे बसल्याने भार कसा विभागला गेला आहे, हे त्या एका बेरजेत दिसत नव्हते.

नियमांची वाटचाल यापेक्षा संथ होती. अमेरिकेत एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेची राइडविषयक समिती १९७८ साली स्थापन झाली; आज तिचे एफ२२९१ हे मानक राइडमधील बलांच्या दिशेवरून आणि तीव्रतेवरून प्रवाशाला अडवणाऱ्या यंत्रणेचे पाच वर्ग ठरवते. सर्वांत वरच्या वर्गात प्रत्येक प्रवाशासाठी स्वतंत्र कुलूप आणि ते निकामी झाल्यास दुसरी सोय आवश्यक असते. युरोपात ईएन १३८१४ हे मानक तसेच काम करते. कुलूप किती भक्कम हवे, हे या वर्गवारीतून चोख समजते. विशिष्ट आसनात कोणत्या मापाचा देह बसू शकतो, हे ठरवून लिहून देण्याचे काम मात्र निर्मात्याकडेच राहते, आणि ते लिखित बंधन पाळले जाईल याची हमी प्रत्यक्ष राइड चालवणाऱ्यावर.

मार्च २०२२ मध्ये ऑर्लँडो येथील १३१ मीटर उंचीच्या ‘फ्री फॉल’ या, आसने उंचावरून सरळ खाली सोडणाऱ्या मनोऱ्यावर हीच साखळी तुटली. निर्मात्याच्या पुस्तिकेत १३० किलोंची मर्यादा होती. बसलेल्या १४ वर्षांच्या मुलाचे वजन १७० किलोंहून अधिक होते. खांद्यावरचा हार्नेस किती खाली आला आहे हे सांगणारा संवेदक त्या आसनापुरता हाताने बदलून ठेवलेला असल्याचे तपासात आढळले, त्यामुळे हार्नेस आणि आसन यांत जवळजवळ १८ सेंटिमीटरची फट असतानाही यंत्रणेने कुलूप लागल्याचाच संकेत दिला. सीट बेल्ट नव्हताच. मोठ्या देहाला सामावून घेण्याचा हा सर्वांत वाईट मार्ग म्हणावा लागेल, कारण आसन तेच राहिले आणि फक्त इशारा देणारी यंत्रणा गप्प केली गेली. पुढच्या वर्षी फ्लोरिडाने अशा राइडविषयीचे नियम कायद्याने कडक केले आणि तो मनोरा उतरवला गेला.

प्रामाणिक मार्ग तोपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हता, असे मात्र नाही. २०१० साली ऑर्लँडोतच युनिव्हर्सल थीम पार्कची ‘हॅरी पॉटर अँड द फॉरबिडन जर्नी’ ही राइड सुरू झाली, तेव्हा अनेक जाड प्रवाशांना रांगेतून परत जावे लागले. त्यानंतर काही महिन्यांतच प्रत्येक बाकाच्या कडेच्या आसनांत बदल करून त्यांना अधिक जागा देण्यात आली. बॉलिगर अँड मॅबिलार्ड या स्विस कंपनीच्या अनेक कोस्टरांत ठरावीक रांगांमध्ये दोन बक्कल असलेले बेल्ट असतात आणि मोठ्या देहाच्या प्रवाशाला तिथेच बसवले जाते. सगळीच आसने मोठी का करत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे, पण दांडा जितका वरून सुरू होतो आणि आसन जितके रुंद होते, तितके त्यात लहान मूल सैल बसते. सर्वांसाठी एकच आसन ठेवले, तर एका टोकाला दिलेली सूट दुसऱ्या टोकाकडून वसूल होते.

अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याखालील नियमांनुसार सुरक्षेसाठी घातलेली अट प्रत्यक्ष धोक्यावर आधारलेली असावी लागते, केवळ अंदाजावर किंवा ठोकळेबाज समजुतीवर नाही. या दंडकामुळे आणि आसनात बसल्यावर मिळणाऱ्या नकाराच्या तक्रारींमुळे काही उद्याने कंबर, छाती आणि मांडी यांच्या घेराची मापे आता आधीच जाहीर करतात. वजनाचा एकच आकडा यातल्या अनेक राइडवर पुरेसा मानला जात नाही, कारण एकाच वजनाच्या दोन माणसांपैकी एकाचा दांडा मांडीवर टेकतो आणि दुसऱ्याचा पोटावर.