डुपोंडियस की अ‍ॅस? किरणांचा मुकुट, पितळ आणि तांबं

रोमन नाण्यांत 'ब्राँझ' म्हणून जे विकलं जातं, त्यात सर्वाधिक घोळ डुपोंडियस आणि अ‍ॅस या दोन नाण्यांचा होतो. दोन्ही 27 मिलिमीटरच्या आसपास, पुढे सम्राटाचं डोकं, मागे बहुधा 'एस सी' ('सेनेटच्या ठरावाने') ही अक्षरं. आणि खरं कांसं दोन्हींत नाही. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने इ. स. पू. 23 च्या सुमारास चलनाची घडी बसवली तेव्हा डुपोंडियस पितळेचं (रोमन नाव ओरिकॅल्कम) आणि अ‍ॅस तांब्याचं ठरलं. चांदीच्या एका डिनेरियसला 8 डुपोंडियस किंवा 16 अ‍ॅस. किंमत दुप्पट, वजन मात्र जेमतेम दोन ग्रॅमने जास्त: नवं डुपोंडियस 12-13 ग्रॅम, अ‍ॅस 10.5-11. त्यामुळे 10.8 ग्रॅमचं नाणं चांगलं अ‍ॅसही असू शकतं आणि झिजलेलं डुपोंडियसही. नुसत्या तराजूवर निकाल देऊ नये.

आधी डोकं बघा. सम्राट नीरोच्या (इ. स. 54-68) अखेरच्या वर्षांपासून डुपोंडियसवरच्या सम्राटाला किरणांचा मुकुट मिळू लागला आणि वेस्पेशियननंतर ती रीत पक्की झाली. अ‍ॅसवर लॉरेलच्या पानांची माळ किंवा उघडं डोकं. झिजलेल्या नाण्यावर केसांत शोधत बसू नका, तिथे पान आणि किरण सारखेच दिसतात. डोकं आणि कडेचा लेख यांच्या मधली मोकळी जागा बघा. 10 पटीचं भिंग घ्या, दिवा बाजूने तिरपा धरा. किरणांची टोकं त्या जागेत घुसतात, पानं डोक्याला चिकटून राहतात. मुकुट पुसला गेला तरी टोकांचे बारीक उंचवटे बरेचदा उरतात.

नीरोच्या आधी हा नियम लावू नये. क्लॉडियसच्या दोन्ही नाण्यांवर डोकं उघडंच असतं. तिथे मागची बाजू सांगते: बसलेली सेरेस (धान्याची देवी) असेल तर डुपोंडियस, उभी लिबर्टास (स्वातंत्र्याची देवी) असेल तर अ‍ॅस. उलटा सापळा टायबेरियसच्या काळातला. दिवंगत ऑगस्टसच्या स्मरणार्थ पाडलेल्या, मागे वेदी आणि 'प्रोविडेंट' असा लेख असलेल्या नाण्यावर किरणांचा मुकुट आहे, तरी ते अ‍ॅस आहे. विक्रीच्या चिठ्ठीवर त्याला डुपोंडियस म्हटलेलं दिसलं तर नवल नाही. नीरोने तर काही अ‍ॅसही पितळेत पाडले, मात्र त्याच्या काही नाण्यांवर मूल्यच कोरलेलं आहे: एक उभी रेघ म्हणजे अ‍ॅस, दोन म्हणजे डुपोंडियस.

आता धातू. गाल, कान, कड अशा उंच, घासलेल्या जागी पिवळी झाक दिसली तर पितळ नक्की. तांबूस दिसली म्हणून तांबं नक्की, असं मात्र नाही. मातीत किंवा आम्लात पितळेतलं जस्त आधी निघून जातं आणि वर तांब्याचा लालसर थर उरतो. म्हणून घरातली भांडी उजळतात तसं चिंच-लिंबू लावून 'खरा रंग' काढायला जाऊ नये. हिरवा-तपकिरी थर जातो, नाण्याची किंमत जाते, आणि उरलेला रंग वर दिशाभूल करतो. कानशीने ओरखडा काढणं तर नकोच. दुसऱ्या शतकापासून जुनं पितळ वितळवून पुन्हा वापरताना जस्त घटत गेलं, त्यामुळे सेव्हेरन घराण्याच्या काळात (इ. स. 193-235) पोचेपर्यंत ही रंगाची खूण फारशी कामाची राहत नाही.

पाण्यात तोलून घनता काढण्याचा सल्लाही मिळतो. तांब्याची 8.9, पितळेची साधारण 8.6. म्हणजे 11 ग्रॅमच्या नाण्यात फरक पडणार तो 0.04 ग्रॅमचा, आणि गंजाच्या छिद्रांत अडकलेली हवा तो सहज खाऊन टाकते.

फॉस्टिना किंवा इतर सम्राज्ञींच्या नाण्यांवर किरणांचा मुकुट नसतोच. धातूही कळत नसेल तर पाकिटावर 'डुपोंडियस किंवा अ‍ॅस' लिहून पुढे वजन, व्यास टाकावा. चांगल्या कॅटलॉगांतही तसंच छापलेलं असतं.