खोबऱ्याची वाटी आणि चार आकडी नंबर

मावशी अमळनेरहून लेकाकडे बंगळूरला निघाली होती. बॅगेत दोन किलो सुकं खोबरं, कारण तिकडच्या खोबऱ्यावर तिचा विश्वास नाही आणि त्याशिवाय काळा मसाला होत नाही. विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. बॅग तपासणीत अडकली आणि वाट्या बाहेर निघाल्या. "खोबरं कधी आपोआप पेटस का रे भाऊ?" मावशीनं तिथल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "नियम आहे, आजी." वाट्या माझ्या हातात आल्या.

खरं उत्तर त्या पोराला कुणी शिकवलं नसावं. ते असं, की हो, पेटतं.

मावशी मसाल्यासाठी वाटी चिमट्यात धरून थेट गॅसवर धरते. तेल सुटतं, वाटी भडकते, काळीभोर झाली की ती फुंकर मारून विझवते. खोबरं जळतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण विमानात न चालणाऱ्या वस्तूंच्या यादीत खोबरं आहे, ते या धोक्यामुळे नव्हे. खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असतं. वाळवताना ओल राहिली तर बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात, त्यांच्या श्वसनातून ऊब तयार होते. ढीग मोठा असेल तर ही ऊब बाहेर पडत नाही. तापमान चढलं की तेलाचं ऑक्सिडीकरण वेगानं होतं, त्यातून आणखी उष्णता निघते, आणि काडी न ओढता ढीग धुमसू लागतो. जहाजांच्या तळघरात भरलेल्या खोबऱ्यानं हा प्रताप दाखवलेला आहे. मावशीच्या दोन किलोत एवढी ऊब साठायची नाही, हे मी मान्य करतो. पण तपासणीच्या पट्ट्यावर उभ्या माणसाला ओल मोजता येत नाही, त्याला फक्त वाटी दिसते.

संयुक्त राष्ट्रांनी धोकादायक मालाची जी यादी केली आहे, तिच्यात प्रत्येक वस्तूला चार आकडी नंबर असतो. खोबऱ्याचा १३६३. ती यादी वाचताना मला आपल्याच खळ्यात उभं असल्यासारखं वाटलं. १३६५ म्हणजे ओला कापूस. १३८६ म्हणजे तेलाचा अंश राहिलेली पेंड, आपली सरकीची ढेप त्यातच आली. आणि १३२७ वर गवत, कडब्याच्या जोडीला चक्क 'भुसा' हा आपलाच शब्द, इंग्रजी यादीत जसाच्या तसा. ओला चारा गंजीत टाकू नको, गंजी तापेल, हे आजोबा सांगायचे. जिनिंगवाले ओल्या कापसाच्या ढिगात हात घालून ऊब बघतात. शास्त्र तेच.

या सगळ्या मालाचे नऊ वर्ग आहेत. स्फोटकं, वायू, पेटणारे द्रव, पेटणारे घन पदार्थ (खोबरं इथं, 'आपोआप पेटणारे' या पोटवर्गात), ऑक्सिजन पुरवणारे, विषारी आणि संसर्गजन्य, किरणोत्सारी, गंजवणारे, आणि नववा 'इतर'. नाव साधं असलं तरी लिथियमच्या बॅटऱ्या या नवव्यातच बसतात.

जमिनीवर चालणारी वस्तू हवेत का नडते? विमान वर गेलं की आतला दाब जमिनीवरच्या सुमारे तीन चतुर्थांशावर येतो. वर असताना पाण्याची रिकामी बाटली घट्ट बंद करून ठेवा, उतरेपर्यंत ती चेपलेली असते. वर जाताना याच्या उलट घडतं, बाटलीतली हवा झाकणाला आतून ढकलते. म्हणून विमानानं जाणाऱ्या धोकादायक द्रवांच्या डब्यांना ९५ किलोपास्कल (जवळपास जमिनीवरच्या हवेच्या दाबाएवढा) दाबाचा फरक न गळता सोसावा लागतो. पाऱ्याचं तर वेगळंच. विमान बरंचसं ॲल्युमिनियमचं, आणि त्या धातूला वाचवतो तो वरचा ऑक्साइडचा पातळ थर. पारा तो थर टिकू देत नाही, आणि मग धातू पोखरला जातो. जुन्या रक्तदाबाच्या यंत्रातला पारा सांडला तर घरात तो फरशीवरून जपून गोळा करून भागतं, विमानात नाही.

बॅटरीचं गणित घरी करता येतं. पॉवर बँकेवर २०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) लिहिलेलं असेल तर ते २० अँपिअर-तास, त्याला ३.७ व्होल्टनं गुणा, ७४ वॉट-तास. शंभरपर्यंत चालते, पण हातातल्या बॅगेत. लोकांना हे उलटं वाटतं, धोक्याची वस्तू जवळ कशाला? कारण एक सेल बिघडून तापला की शेजारचा तापतो आणि साखळी सुरू होते. सामानाच्या कप्प्यातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, ही साखळी थांबवत नाही. वर प्रवाशांत धूर लगेच दिसतो आणि पाणी ओतून थंड करता येतं. २०१० मध्ये दुबईजवळ एक मालवाहू विमान पडलं, दोघे वैमानिक गेले. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानात जात नाहीत.

कायदा मात्र सगळा पाठवणाऱ्याच्या सहीवर उभा आहे. भारतात यासाठी वेगळे नियम आहेत, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ते राबवतं. माल कोणता, नंबर कोणता, खोका कसला, हे पाठवणारा लिहून देतो आणि बाकीची साखळी त्यावर विसंबते. ११ मे १९९६ ला मायामीहून निघालेलं व्हॅल्यूजेट कंपनीचं ५९२ क्रमांकाचं विमान काही मिनिटांत दलदलीत कोसळलं, ११० माणसं गेली. खोक्यांत रासायनिक ऑक्सिजन जनित्रं होती. ती सुरू झाली की तापतात आणि वर ऑक्सिजनही सोडतात, म्हणजे आग आणि वारा एकाच डब्यात. सुरक्षेच्या टोप्या बसवलेल्या नव्हत्या, आणि कागदावर लिहिलं होतं 'रिकामे'.

म्हणून मावशीच्या वाट्या पाठवताना कुरिअरच्या काउंटरवर पोरगा "घरगुती सामान लिहा ना, काका" म्हणाला, तेव्हा मी अडून बसलो. 'सुकं खोबरं, २ किलो' असं लिहिलं. त्यानं वाचलं, खोकं उचलून दुसऱ्या ढिगात टाकलं. "मग गाडीनं जाईल. चार दिवस लागतील."

मावशीला फोनवर सांगितलं. "लागू दे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "खोक्यात भरण्याआधी वाट्यांना ऊन दाखवलं होतंस ना?"